फौंड्रीची धूळ फुफ्फुसात गेली की पुढे काय होतं

फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला चाळिशीत धाप लागायला लागली की घरातली माणसं आपापली कारणं सांगतात. कुणी म्हणतं बिडीमुळे, कुणी म्हणतं आता वय झालं, कुणाला टीबीची शंका येते. ज्या हवेत त्याने रोज आठ तास श्वास घेतला, त्या हवेचं नाव सहसा कुणी काढत नाही. डॉक्टरांपुढे गेल्यावरही ते निघत नाही. हा लेख त्या हवेबद्दल आहे.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात कास्टिंगचे लहानमोठे कारखाने आहेत. येळ्ळूर, पिरनवाडी, काकती, कडोली या भागातली आणि सीमेपलीकडून चंदगड तालुक्यातली माणसं तिथे कामाला येतात. म्हणून मी मुख्यतः फौंड्रीबद्दलच लिहिणार आहे. निपाणीची तंबाखू, साखर कारखान्यांची बगॅस (उसाचा चोथा) आणि सूतगिरणीतला कापूस यांची तऱ्हा वेगळी आहे, त्यांच्याकडे नंतर येतो.

लोखंड ज्या साच्यात ओततात तो साचा वाळूचा असतो. ही वाळू चाळून घेतलेली असते आणि तिच्यात साधारणपणे नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका असते. तिच्यात बेंटोनाइटची माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून ती मिक्सरमध्ये मळतात, बॉक्समध्ये ठोकून भरतात आणि वर साधारण चौदाशे अंशांचा रस ओततात. गार झालं की बॉक्स फोडायचा, त्याला नॉकआउट म्हणतात. मग कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडेचं जादा लोखंड छिन्नीने, ग्राइंडरने काढायचं, ते फेटलिंग. उरलेली वाळू पुन्हा मिक्सरला जाते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वाळूचा अख्खा दाणा फुफ्फुसात जाऊच शकत नाही. तो मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा असतो, नाकातच अडतो. वाळूच्या ढिगाशेजारी उभं राहिल्याने कुणाला रोग होत नाही. पण तीच वाळू तापते, गार होते, ठोकली जाते, घासली जाते, परत परत वापरली जाते आणि प्रत्येक फेरीत तिचे दाणे फुटतात. फुटताना जो चुरा निघतो त्यातले काही कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे असे दहा कण शेजारी शेजारी ठेवले तरी केसाची जाडी भरत नाही.

नॉकआउट झाला की काळा-करडा लोट उठतो. माणसं तोंड फिरवतात, टॉवेल नाकाला लावतात. मिनिटाभरात लोट खाली बसतो, टॉवेल पुन्हा खांद्यावर जातो आणि काम सुरू होतं. खाली बसते ती जाड धूळ. शंभर मायक्रॉनचा कण काही सेकंदांत जमिनीवर येतो, पण एक मायक्रॉनच्या कणाला बंद हवेत माणसाच्या उंचीवरून खाली यायला काही तास लागतात. तेवढ्यात दुसरा बॉक्स फुटलेला असतो. दुपारी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते, तिच्यात जे चमचमत तरंगताना दिसतं ते हेच कण. तिरीप सरकली की डोळ्यांना हवा स्वच्छ वाटते. कण असतातच.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. हातोडा मारणारा, बॉक्स उचलणारा माणूस त्याच्या चार-पाच पट घेतो, आणि नाक पुरत नाही म्हणून तोंडाने घेतो. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सहज दहा घनमीटर हवा आत-बाहेर होते. अमेरिकेने २०१६ साली ठरवलेली मर्यादा अशी आहे की एक घनमीटर हवेत श्वासाबरोबर खोलवर जाऊ शकेल अशी सिलिका ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात त्यासाठी एक सूत्र दिलं होतं. धूळ शुद्ध क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाची, धरली तर त्याने मर्यादा साधारण १०० मायक्रोग्रॅम येते. दहा घनमीटरचा हिशेब केला तर आपल्या मर्यादेनेसुद्धा शिफ्टला एक मिलिग्रॅमच होते. चिमटीत धरता येणार नाही इतकी ही धूळ. एवढ्याशा धुळीचीही मर्यादा का घालावी लागते, ते कळायला छातीच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल.

श्वासाची वाट नाकातून घशात आणि घशातून नळ्यांमध्ये जाते. नळ्यांना फांद्या फुटत फुटत शेवटी कोट्यवधी बारीक हवेच्या पिशव्या येतात, त्यांना वायुकोश म्हणतात. नळ्यांच्या आतून चिकट द्रव असतो आणि त्याला सतत वर ढकलणारे सूक्ष्म केस असतात. मोठी धूळ त्या द्रवात अडकते, वर येते आणि बेडक्यातून पडते. शिफ्ट सुटल्यावर काळा बेडका पडतो तो त्यामुळेच, आणि तो पडतोय म्हणजे शरीर आपलं काम करतंय. लोक मात्र त्यावरून समजतात की सगळी धूळ बाहेर पडली. वायुकोशांत हे झाडणारे केस नसतात. तिथवर पोचलेला कण खोकल्याने वर येत नाही.

तिथे राखणीला एक प्रकारच्या पेशी असतात, त्यांचं नाव मॅक्रोफेज. जंतू आला, काजळी आली की या पेशी ते गिळतात आणि पोटातल्या पाचक रसांनी विरघळवतात. सिलिकाचा कण त्यांना विरघळवता येत नाही. उलट त्या कणाचा पृष्ठभाग पाचक रसाची पिशवीच आतून फाडतो, रस पेशीतच सांडतो आणि पेशी मरते. मरताना ती धोक्याची रसायनं सोडते आणि गिळलेला कण होता तसा पुन्हा मोकळा होतो. ती रसायनं नव्या पेशींना बोलावतात. नवी पेशी तोच कण गिळते आणि तीही मरते. एकदा आत गेलेला कण असा वर्षानुवर्षं पेशी मारत राहू शकतो. ताज्या फुटलेल्या क्वार्ट्झचा पृष्ठभाग जास्त दाहक असतो, म्हणून नॉकआउटची, ग्राइंडिंगची आणि दगड कापण्याची धूळ जुन्या पडीक धुळीपेक्षा वाईट.

जिथे अशी मारामारी सतत चालते तिथे शरीर डागडुजी करायला लागतं. रस उडून हात भाजला तर बऱ्या झालेल्या जागी कातडी जाड, ताठ आणि गुळगुळीत होते, ती आधीसारखी ताणत नाही. फुफ्फुसात तसाच व्रण तयार होतो. सुरुवातीला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या गाठी होतात, बहुतेक वरच्या भागात. पुढे त्या एकमेकींना जुळून मोठे गठ्ठे होऊ शकतात. त्या जागेतून प्राणवायू रक्तात जात नाही. फुफ्फुस ताठ होतं, श्वास ओढायलाच ताकद लागते, आणि शेवटी रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेला व्रण पुसून टाकणारं औषध आजही नाही. शिवाय धुळीचं काम सोडल्यावरही रोग पुढे सरकू शकतो, कारण कण आतच असतात.

सगळी काळी धूळ अशी नसते. ग्राइंडरखाली निघणारी लोखंडाची पूड किंवा वेल्डिंगचा धूरही फुफ्फुसात साठतो आणि एक्स-रेत ठिपके दिसतात, पण नुसतं लोखंड सिलिकासारखा व्रण सहसा करत नाही. दगडांचंही तसंच आहे. बेळगावच्या उत्तरेला पसरलेला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्यात क्वार्ट्झ फार कमी. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो दगड वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइटचा, त्यात क्वार्ट्झच क्वार्ट्झ. दोन्हीकडे क्रशर चालला तर धूळ सारखीच दिसेल, छातीवरचा परिणाम सारखा नसेल. बेसाल्टची धूळ निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही, पण धुळीच्या रंगावरून धोका ओळखता येत नाही एवढं पक्कं. गोव्याला फरशीकामाला जाणाऱ्या आपल्या पोरांनी हे जरूर वाचावं. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतो, आणि किचन ओट्यासाठी जो कृत्रिम क्वार्ट्झ दगड येतो त्यात तो अनेकदा नव्वद टक्क्यांवर असतो. तो दगड कोरडा कापणाऱ्या तरुण कामगारांना इतक्या लवकर सिलिकोसिस झाला की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली.

हा रोग कळायला इतका उशीर का होतो? एक तर फुफ्फुसांची ताकद गरजेपेक्षा खूप जास्त असते. बराच भाग निकामी होईपर्यंत रोजच्या चालण्या-फिरण्यात काही जाणवत नाही. दुसरं, धूळ मध्यम असेल तर रोग दिसायला दहा वर्षं, कधी वीस वर्षंही लागतात. धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांत, आणि सँडब्लास्टिंगसारख्या (वाळूचा जोरदार मारा करून धातू साफ करण्याच्या) भयानक धुळीत काही महिन्यांतसुद्धा होतो. सुरुवात कोरड्या खोकल्याने आणि चढावर लागणाऱ्या दमाने होते. राजहंसगडाच्या चढाला पूर्वी न थांबता जाणारा माणूस मध्ये दोनदा टेकतो, आणि म्हणतो वजन वाढलंय.

टीबीशी होणारी गल्लत मला सगळ्यात गंभीर वाटते. दोन्ही रोगांत खोकला, वजन उतरणं, दम लागणं. दोन्ही रोग बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात, त्यामुळे एक्स-रेवरही घोटाळा होतो. मग थुंकीत जंतू न सापडताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात, सहा महिने घेतल्या तरी फरक पडत नाही, पुन्हा कोर्स. बाजूला गावात टीबीवाला म्हणून नाव झालेलं असतं, आणि बरं वाटलं की माणूस परत त्याच खात्यात कामाला जातो.

आणि गुंतागुंत इथेच संपत नाही. सिलिकाने ज्या मॅक्रोफेज पेशी मारल्या, त्याच टीबीच्या जंतूला आवरणाऱ्या पेशी. म्हणून सिलिकोसिस झालेल्या माणसाला खरा टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. दोन्ही एकत्र असतील तर उपचार लांबतात. तेव्हा टीबीची तपासणी टाळायची नाही. थुंकीची जनुकीय चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करायचीच. पण चाचणी निगेटिव्ह आली आणि एक्स-रेत ठिपके असले, किंवा कोर्स पुरा होऊनही दम कमी झाला नाही, तर पुढचा प्रश्न कामाचा असला पाहिजे.

डॉक्टर विचारतात, "काय करता तुम्ही?" आपलं माणूस सांगतं, "कंपनीत जातो." तिथेच बोलणं थांबतं. कंपनीत तर ऑफिसातला कारकूनही जातो. इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वीच आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं होतं की रोग्याला त्याचं काम काय ते विचारा. इतक्या वर्षांनंतरही केसपेपरवर त्या रकान्यात 'मजुरी' एवढंच असतं. म्हणून सांगणाऱ्यानेच सगळं सांगावं : फौंड्रीत आहे, फेटलिंगला आहे, अमुक सालापासून, त्याआधी क्रशरवर होतो. सीमाभागात हे आणखी महत्त्वाचं. चंदगडचा कामगार कर्नाटकात धूळ खातो आणि आजारी पडला की महाराष्ट्रातल्या आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जातो. तिथल्या डॉक्टरांसमोर बहुतेक शेतकरी येतात. बेळगावची फौंड्री त्यांनी पाहिलेली नसेल, तर त्यांच्या मनात सिलिकोसिस येणार कुठून? कामाची माहिती, छातीचा चांगला एक्स-रे आणि नळीत जोरात फुंकायची स्पायरोमेट्री एवढ्यावर बरंच निदान होतं. कधी सीटी स्कॅन लागतो.

आता बाकीच्या धुळी. कापसाच्या धुळीचा रोग बिसिनोसिस. तो सूत काढण्याच्या, विशेषतः कापूस पिंजण्याच्या खात्यात जास्त दिसतो, विणकामात कमी. म्हणजे गोकाक फॉल्सच्या गिरणीसारख्या ठिकाणी काम केलेल्यांनी शहापूर-वडगावच्या मागवाल्यांपेक्षा जास्त जपावं. त्याची खूण सोपी आहे : आठवडी सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आणि पुढच्या दिवसांत हलकं वाटतं. साखर कारखान्यात ओल्या बगॅसच्या ढिगाला बुरशी लागते. ती बगॅस उपसताना उडणाऱ्या धुळीने काही जणांना चार-सहा तासांनी ताप, थंडी आणि दम लागतो. रात्री ताप आला की मलेरिया किंवा फ्लू समजतात, आणि ढिगाकडे कुणाचं लक्ष जात नाही. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळणाऱ्या बायकांच्या छातीत सिलिकाच्या गाठी होत नाहीत, पण तंबाखूची पूड श्वासनलिकेचा दाह करते, जुनाट खोकला लावते, आणि निकोटीनही अंगात जातं. निपाणीच्या बायकांनी संघटना बांधून मजुरीसाठी मोठा लढा दिला. त्यांच्या खोकल्याची दखल मात्र मजुरीइतकी कधी घेतली गेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुळाबद्दल बोलावंच लागेल, कारण आपल्या भागात गूळही पिकतो आणि हा समजही. धुळीच्या खात्यात काम करणाऱ्यांना गूळ देतात, गूळ खाल्ला की धूळ उतरते म्हणून. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि कण बसलेत वायुकोशात. घशाला बरं वाटतं, श्रमाला साखर मिळते, तेवढं खरं. माणसाचा सिलिकोसिस गुळाने थांबल्याचा पुरावा नाही. गूळ खावा, पण तो धुळीवरचा बंदोबस्त म्हणून कुणी हातावर ठेवत असेल तर ते मान्य करू नये.

टॉवेल आणि रुमालही त्यातलेच. कापडाच्या विणीतली भोकं या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. एन-९५ मास्क उपयोगी आहे, पण तो चेहऱ्याला चारी बाजूंनी घट्ट बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा घुसते. आणि भट्टीपाशी एप्रिल-मे महिन्यात तो आठ तास लावून हातोडा मारा म्हणणाऱ्याने आधी स्वतः तासभर लावून पाहावा. म्हणून मास्क हा शेवटचा उपाय. खरी कामं मालकाने करायची आहेत : नॉकआउटच्या जागी धूळ ओढून घेणारा हूड आणि पंखा, वाळूचा प्लँट बंदिस्त, जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओली करून किंवा व्हॅक्यूमने साफ करणं, दगड-फरशी पाण्याखाली कापणं. यातलं बरंच काही छोट्या कारखान्यालाही जमण्यासारखं आहे. पाण्याला तर फारसा खर्चही नाही.

एक सवय मात्र कामगारांनीच आजच सोडावी. शिफ्ट संपली की एअरचा पाइप घेऊन एकमेकांच्या अंगावरची धूळ उडवतात. कपडे स्वच्छ दिसतात, पण त्या दोन मिनिटांत बसलेले सगळे बारीक कण नाकासमोर परत उडतात. कपडे तिथेच बदलावेत, अंग धुवावं आणि धुळीचे कपडे पिशवीत बांधून न्यावेत. घरी बायको किंवा आई ते दारात झटकते तेव्हा ती धूळ तिच्या नाकात जाते. बिडी-सिगारेट सोडण्याचं कारणही इथे वेगळं आहे. धुराने नळ्यांतले झाडणारे केस मंदावतात, त्यामुळे धूळ वर येण्याची वाटच बंद होते. शिवाय सिलिकाला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ पासून माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि धूम्रपानासोबत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो.

हक्काचं थोडं. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा नोंद करावाच लागणारा रोग होता. रोग आढळला तर डॉक्टरांनी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचं असतं. त्याच्या जागी आलेल्या, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या २०२० च्या नव्या संहितेतही रोगांची यादी आणि कळवण्याचं बंधन आहे. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर सिलिकोसिस हा कामामुळे झालेला रोग मानून अपंगत्वाचा लाभ मागता येतो, माणूस गेला तर घरच्यांना मागता येतो. ईएसआय केंद्राची योजना आहे, त्यामुळे घर महाराष्ट्रात आणि कारखाना कर्नाटकात असला तरी नंबर एकच चालतो. ईएसआय नसेल तर १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा होता, तोही आता सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेत आला आहे.

अडतं ते पुराव्यावर. ठेकेदाराकडून लागलेल्या माणसाचं नाव कुठल्याच हजेरीपटावर धड नसतं, आणि चार फौंड्र्या बदलल्यावर कुठल्या धुळीने झालं हे सिद्ध करायला कागद नसतो. म्हणून पगाराची स्लिप, गेटपास, ईएसआय कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, जे मिळेल ते जपून ठेवावं आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत. अर्ज कानडीत किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल तर भरवून घेताना 'काम काय' या जागी खात्याचं नाव लिहिलंय ना, एवढं विचारून घ्यावं. एक्स-रेच्या फिल्म फेकू नयेत. पाच वर्षांपूर्वीची फिल्म आजच्या शेजारी लावली की डॉक्टरांना रोग सरकतोय की थांबलाय ते कळतं. ज्यांनी फौंड्री सोडून आता शेती किंवा रिक्षा धरली आहे, त्यांनीही धुळीत बरीच वर्षं गेली असतील तर वर्ष-दोन वर्षांनी छातीचा एक्स-रे काढावा आणि तो काढताना जुनं काम सांगावं.